हरकती-सूचना मागवल्या, पण ऐकणार कोण?

शहराचा आराखडा करताना लोकांना सामील कसं करून घ्यायचं, आणि ते अधिकाऱ्यांना शिकवायचं कसं, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं टेबलाच्या दोन्ही बाजूंनी आली, आणि गंमत अशी की दोन्हीकडची तक्रार एकच, समोरचा ऐकून घेत नाही! लिहिणाऱ्यांतले बरेच जण अजून नोकरीत आहेत म्हणून नावं छापलेली नाहीत. पत्रं थोडी कापली आहेत, राग मात्र तसाच ठेवलाय.

प्रश्न : मी नगररचना विभागात आहे. मध्यंतरी आम्हाला लोकसहभागाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. मोठा हॉल, पीपीटी, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. परत ऑफिसला आलो तर काम जसं चालायचं तसंच चालू, साहेब म्हणाले ट्रेनिंग झालं ना, आता फाईल पुढे सरकवा. मग अशा ट्रेनिंगमध्ये नक्की काय असायला हवं?

तुमच्या ट्रेनिंगमध्ये तुमचे साहेब होते का हो? पत्रावरून तरी नव्हते असं दिसतंय, आणि अर्धं दुखणं तिथंच आहे. ज्युनिअर माणसाला ऐकायला शिकवायचं आणि ज्याची सही चालते त्याने त्यातलं काही ऐकलेलंच नाही, मग ज्युनिअरने मिटिंगमध्ये लोकांना काय सांगायचं, ‘तुमचं म्हणणं वर कळवतो’, बस्स. त्यामुळे पहिला अर्धा दिवस तरी विभागप्रमुख, अभियंते, नगरसेवक आणि फिल्डवरचे लोक एकाच खोलीत बसलेले हवेत.

दुसरी गोष्ट, ट्रेनिंग खऱ्या प्लॅनवर घ्या. काल्पनिक शहर, काल्पनिक नदी, काल्पनिक नागरिक असं करून काही साधत नाही, कारण काल्पनिक नागरिक फार समजूतदार असतात. त्यापेक्षा सध्या हातात असलेलं एखादं काम घ्या, रस्तारुंदी म्हणा, उद्यान म्हणा, एखाद्या वस्तीचा पुनर्विकास म्हणा, आणि सगळ्यांना एकच काम द्या : एका कागदावर दोन रकाने आखायचे, यात काय बदलू शकतं आणि काय अजिबात बदलू शकत नाही. ऐकायला सोपं वाटतं पण एकाच विभागातल्या पाच जणांना वेगवेगळं लिहायला सांगा, पाच वेगळे कागद येतात. एक म्हणतो रस्त्याची रुंदी ठरलेली आहे, दुसरा म्हणतो छे, रुंदीवर तर चर्चा होऊ शकते, वळण ठरलेलं आहे. तुमचं तुम्हालाच ठरलेलं नसताना तुम्ही लोकांना बोलावताय, मग मिटिंगमध्ये गोंधळ होणार नाही तर काय होणार. माझ्या मते अख्ख्या ट्रेनिंगमधला हा सगळ्यात कामाचा एक तास, आणि नेमका हाच बहुतेक कार्यक्रमांत नसतो.

तो कागद झाला की लोकांना काय शब्द द्यायचा ते आपोआप ठरतं. आयएपी-टू नावाची लोकसहभागावर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने सहभागाच्या पाच पातळ्या मांडल्यात : माहिती देणं, मत विचारणं, कामात गुंतवणं, बरोबरीने ठरवणं आणि शेवटची म्हणजे निर्णयच लोकांच्या हाती देणं. प्रत्येक पातळीसोबत लोकांना कुठला शब्द द्यायचा तेही त्यात लिहिलेलं आहे. पाचही पातळ्या आपापल्या जागी ठीक आहेत, पाण्याची मुख्य लाईन कुठल्या तारखेला बंद राहील हे सांगायला कुणाचं मत विचारायची गरज नसते, नुसतं सांगितलं तरी पुरे. भांडण कधी होतं, तर पाटीवर लिहिलेलं असतं ‘मिळून ठरवूया’ आणि आत गेल्यावर नुसती माहिती मिळते.

मोठ्या प्रमाणावर असं ट्रेनिंग झाल्याचं एक उदाहरण द्यायचं तर केरळचं द्यावं लागेल. १९९६ साली तिथे लोकयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा राज्य नियोजन मंडळाने आधी राज्य पातळीवर प्रशिक्षक तयार केले, त्यांनी जिल्ह्याचे केले, जिल्ह्यांनी गावांचे आणि शहरांचे. त्यात अधिकारी होते, निवडून आलेले सदस्य होते, शिक्षक आणि कार्यकर्तेही होते, शिवाय योजना तांत्रिकदृष्ट्या तपासायला निवृत्त इंजिनिअर आणि तज्ज्ञांची मदत घेतली गेली. पण खरी मेख पुढे आहे, राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांकडे जाणार हे आधीच जाहीर झालेलं होतं. म्हणजे ट्रेनिंग घेऊन माणूस परत गेला तर तिथे खरंच काहीतरी ठरवायचं शिल्लक होतं. तुम्ही परत गेलात तर फाईल शिल्लक होती, आणि तीही सही झालेली.

प्रश्न : आमच्या भागातल्या आराखड्यावर हरकती मागवल्या, आम्ही रीतसर लिहून दिल्या, सुनावणी झाली, साहेब छान हसून ऐकत होते, आणि शेवटी जे आधी ठरलं होतं तेच झालं. हे सगळं नाटक आहे हे आधीच ओळखायचं कसं?

हसून ऐकणं हे वाईट लक्षण नाही पण पुरावाही नाही. तुमच्यासारख्यांचं दुखणं पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच एका बाईंनी नीट मांडून ठेवलंय. शेरी अर्नस्टाईन अमेरिकेत गृहनिर्माण आणि नगरविकास खात्यात लोकसहभागाच्या सल्लागार होत्या, म्हणजे सगळं आतून बघितलेलं, आणि १९६९ मध्ये त्यांनी एका लेखात आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच, तिथे लोकांना गुंडाळलं जातं नाहीतर खोट त्यांच्यातच आहे असं धरून त्यांनाच सुधारायला घेतलं जातं. मधल्या तिघींवर माहिती देणं, मत विचारणं, एखाद-दोन जणांना कमिटीत घेऊन गप्प करणं. वरच्या तीन पायऱ्यांवर मात्र लोकांच्या हातात थोडी का होईना सत्ता येते. त्या लेखात पॅरिसच्या विद्यार्थ्यांचं एक पोस्टर पण आहे, त्यात ‘सहभागी होणं’ हे क्रियापद व्याकरणासारखं चालवलंय, मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, आम्ही, तुम्ही... आणि ‘ते’ आले की सहभागी होत नाहीत, फायदा उपटतात. तुमची सुनावणी चौथ्या पायरीवर होती, आणि तुम्हाला वाटलं सहावी आहे.

ओळखायचं कसं, तर सुरुवातीलाच उभं राहून एक प्रश्न विचारा : ‘साहेब, आज आम्ही जे बोलू त्याने या नकाशातलं काय काय बदलू शकतं?’ ज्याने तयारी केलीय तो चटकन तीन गोष्टी सांगेल आणि काय बदलणार नाही तेही सांगेल. ज्याला उत्तर देता येत नाही, जो म्हणतो ‘सगळ्याच सूचनांचा सकारात्मक विचार केला जाईल’, तिथे फार वेळ घालवू नका, लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि पुढच्या पातळीवर जायची तयारी करा.

दुसरी खूण म्हणजे वेळ. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस शहरात १९९८ साली युरोपातल्या देशांनी एक करार केला, पर्यावरणाशी संबंधित निर्णयांत लोकांना माहिती मिळणं, भाग घेता येणं आणि दाद मागता येणं याबद्दलचा. त्यात सरळ म्हटलंय की लोकांना लवकर सामील करा, सगळे पर्याय खुले असतानाच. टेंडर निघाल्यावर घेतलेली जनसुनावणी म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी पसंत आहे का विचारण्यासारखं आहे. अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगमध्ये हे एक वाक्य जरी भिंतीवर लावलं, ‘पर्याय खुले असतानाच’, तरी निम्म्या सुनावण्यांची तारीख बदलावी लागेल.

प्रश्न : मी प्रशिक्षण केंद्रात काम करते. आमच्याकडे येणारे बरेच वरिष्ठ अधिकारी म्हणतात की मॅडम, लोकांना नकाशा वाचता येत नाही, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) कळत नाही, त्यांना विचारून काय उपयोग? त्यांना काय उत्तर द्यावं?

त्यांना उत्तर देत बसू नका ताई, अनुभव द्या. मी सुचवते तो खेळ करून बघा. सकाळी आल्या आल्या या मंडळींच्या हातात एखाद्या अगदी वेगळ्या खात्याचा जाडजूड दस्तावेज ठेवायचा, उदाहरणार्थ औषध-चाचणीचे नियम किंवा विमा कंपनीच्या अटी, बारीक टाईप, परिशिष्टं, संक्षेप, सगळं साग्रसंगीत. दहा मिनिटं द्यायची. मग म्हणायचं, ‘आपल्या हरकती व सूचना विहित नमुन्यात, दोन प्रतींत, आत्ताच्या आत्ता.’ समोर टेबल टाकून तुम्ही बसायचं आणि कुणी काही विचारलं की घड्याळाकडे बघायचं. अधिकारी हुशार असतात, त्यांना लगेच कळतं आपल्याशी काय चाललंय. पहिली पाच मिनिटं हसतात, मग चिडतात. चिडले की थांबवा आणि विचारा, आत्ता तुम्हाला काय वाटलं, तेवढंच लिहा. अडाणीपणा कागदात असतो की वाचणाऱ्यात, ही चर्चा त्यानंतर वेगळीच होते.

त्याच दिवशी दुपारी नोटीस हातात द्या. म्हणजे अशी : ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, प्रारूप आराखड्यातील प्रस्तावित १८ मीटर रुंद रस्त्याच्या आखणीमध्ये अंशतः फेरबदल करण्याचे योजिले असून, तत्संबंधी हितसंबंधितांनी आपल्या हरकती विहित मुदतीत सादर कराव्यात.’ कायद्याच्या दृष्टीने चोख आहे. आता प्रत्येकाने हेच अशा माणसासाठी लिहायचं ज्याचं घर त्या रस्त्यावर आहे. कुणीतरी लिहितं : ‘तुमच्या घरासमोरचा रस्ता रुंद करायचा विचार आहे. तो शाळेच्या बाजूने वाढवायचा की ओढ्याच्या, हे अजून ठरलेलं नाही. शाळेच्या बाजूने गेला तर काही घरांची कुंपणं आत घ्यावी लागतील. नकाशा शाळेच्या गेटवर लावलाय, शनिवारी संध्याकाळी आमचा माणूस तिथे उभा असेल.’ दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्यात जास्त माहिती आहे हे कुणाच्याही लक्षात येतं, पहिल्यात तर कुठली बाजू हेच नव्हतं! कायद्याची नोटीस काढावीच लागते, ती काढा, पण सोबत ही दुसरी चिठ्ठी जोडायला कुठल्याच नियमाची आडकाठी नसते.

आणि नकाशा वाचता येत नाही हे बऱ्याचदा खरं असतं, म्हणून नकाशा बदलायचा. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात टोनी गिब्सन यांनी एक पद्धत आणली, वस्तीचं पुठ्ठ्याचं मोठं मॉडेल करायचं, लोकांनी त्याच्याभोवती उभं राहून हवं तिथे कार्ड ठेवायचं, इथे दिवा हवा, इथे बाक, इथे गाड्या जोरात येतात. बोलायला लाजणारा माणूसही कार्ड ठेवतो, आणि कार्डावर नाव नसल्यामुळे कुणी कुणाचं तोंड बंद करू शकत नाही. युएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या शहरांवर काम करणाऱ्या संस्थेने २०१२ पासून माईनक्राफ्ट हा व्हिडिओ गेम वापरून हेच केलंय, मुलं आणि बायका आपल्या चौकाचं डिझाईन स्क्रीनवर रचतात आणि मग त्यावरून काम होतं. सगळ्यात स्वस्त साधन मात्र पाय. नकाशा हातात घेऊन त्या रस्त्यावरून लोकांबरोबर चाला, जमलं तर संध्याकाळी अंधार पडल्यावर, एखाद्या आजीबाई आणि एखाद्या व्हीलचेअरवाल्यासोबत. टेबलावर ‘पादचारी मार्ग २ मीटर’ असं जे दिसतं त्यात मध्येच विजेचा डीपी असतो आणि त्यापुढे पायरी, व्हीलचेअर तिथेच थांबते आणि सगळे थांबतात. हे अधिकाऱ्याला भाषणात सांगून कळत नाही, थांबल्यावर कळतं.

प्रश्न : आम्ही मनापासून मिटिंगा घेतो पण येतात तेच तेच २०-२५ लोक. बहुतेक निवृत्त, बहुतेक पुरुष, सगळ्यांचा एकच मुद्दा. यालाच लोकसहभाग म्हणायचं का?

नाही, याला हजेरी म्हणायचं. :) आणि हे तुमच्याच नशिबी नाहीये. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या जवळपास शंभर गावा-शहरांच्या नियोजन बैठकांची इतिवृत्तं काही अभ्यासकांनी तपासली, त्यात बोलणारे लोक एकूण मतदारांच्या मानाने जास्त वयाचे, जास्त करून पुरुष, जुने रहिवासी आणि स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारे निघाले. नवीन घरबांधणीच्या विरोधात बोलणारे ६० टक्क्यांच्या वर, बाजूने बोलणारे १५ टक्क्यांच्या आसपास. ज्यांना त्या नव्या घरांत राहायला यायचंय ते मिटिंगला नसणारच ना, ते अजून तिथे राहतच नाहीत! म्हणजे नुसती जाहिरात देऊन दार उघडं ठेवलं तर ज्यांच्याकडे वेळ आणि घर दोन्ही आहे तेच आत येणार, आणि वर त्यालाच ‘जनतेचं मत’ म्हणून शिक्का बसणार. मिटिंग न घेतलेली बरी इतकं हे फसवं ठरू शकतं.

म्हणून ट्रेनिंगमध्ये ‘मिटिंग कशी घ्यावी’ याच्या आधी ‘कोण आलेलं नाही’ हा तास हवा. आलेल्यांची यादी सगळेच करतात, न आलेल्यांची करा. भाडेकरू, रात्रपाळीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, रस्त्यावर विकणारे, अंध-अपंग, कॉलेजची मुलं, वाचता न येणारे. प्रत्येकासमोर लिहा, हा माणूस दिवसाचा कुठे सापडतो, आणि मग तुम्ही तिथे जा. दक्षिण आफ्रिकेने हे कायद्यातच घातलंय, त्यांच्या २००० सालच्या नगरपालिका व्यवस्था कायद्यात म्हटलंय की लोकसहभागाची पद्धत ठरवताना ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, जे अपंग आहेत, बायका आणि इतर वंचित गट, यांच्या गरजा लक्षात घ्यायच्याच. आणि त्याच कायद्यात आपल्या विषयाचं वाक्य आहे : लोकांची भाग घेण्याची क्षमता वाढवायला हातभार लावायचा, आणि नगरसेवक व कर्मचारी यांची त्यांना सामील करून घेण्याची क्षमताही. दोन्ही एकाच कलमात. ट्रेनिंगची गरज फक्त लोकांना आहे असं समजणाऱ्यांनी ते कलम वाचावं.

व्हिएन्नाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे १९९०च्या दशकात उद्यानांचा अभ्यास केला तर साधारण नऊ वर्षांपुढच्या मुली उद्यानात दिसेनाशा होतात असं आढळलं, मुलगे मात्र असतात. मुलींनी काही तक्रार केलेली नव्हती, त्या फक्त यायच्या थांबल्या होत्या. मोकळं मैदान एकच असलं की मोठी मुलं फुटबॉलसाठी ते व्यापतात आणि मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग काही उद्यानांत मोठ्या जागेचे तुकडे केले, पायवाटा केल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आणि मुली परत यायला लागल्या. हरकती-सूचनांच्या फाईलमध्ये हे कधीच आलं नसतं. अधिकाऱ्याला मोजायला शिकवायचं ते हे, कोण बोललं यापेक्षा कोण दिसत नाही.

प्रश्न : मिटिंगमध्ये लोक अंगावर येतात हो! मी एकटी असते, वय लहान, मागच्या वेळी एकाने कागद फाडून समोर टाकले. वरिष्ठ म्हणतात शांत राहा. शांत राहण्याचं पण ट्रेनिंग असतं का?

असतं, आणि ते भाषण देऊन होत नाही, तालीम करून होतं. तुमच्याच सहकाऱ्यांना चिडलेले नागरिक करा, त्यांना मनापासून ओरडू द्या (सरकारी नोकरांना ही भूमिका फार आवडते, बघा), आणि पाच मिनिटं तुम्ही समोर उभ्या राहा. मग बाकीच्यांनी सांगायचं तुम्ही कुठल्या वाक्याला बचावात गेलात. बहुतेक जणांचं एकच ठरलेलं असतं, माणूस बोलत असतानाच ‘नाही नाही, तसं नाहीये’ सुरू होतं. त्याऐवजी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं, ‘तुमचं म्हणणं असं की रस्ता झाला तर दुकानाचा ओटा जाणार आणि भरपाईबद्दल तुम्हाला अजून कुणी काही बोललेलं नाही, बरोबर?’ आणि त्याच्यासमोर फळ्यावर लिहायचं. लिहिलेलं दिसलं की तेच वाक्य तो चौथ्यांदा म्हणत नाही.

खोलीची मांडणी पण बघा. व्यासपीठ, पांढऱ्या कापडाचं टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि समोर खुर्च्यांच्या रांगा अशी मांडणी असली की ती सभा आपोआप कोर्ट बनते आणि आरोपी तुम्ही. माईक एकच असला तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे तो जाणार. आठ-आठ जणांची टेबलं करा, प्रत्येक टेबलावर एक नकाशा, दोन मार्कर, एक लिहून घेणारा. फरक लगेच जाणवतो, कारण आठ जणांत ओरडायला माणसाला थोडी लाज वाटते.

पण एक गोष्ट तुमच्या वरिष्ठांना वाचून दाखवा. कागद फाडणाऱ्याचा राग तुमच्यावर नव्हता, आधी दिलेल्या आणि न पाळलेल्या कुठल्यातरी शब्दावर होता. तो शब्द ज्यांनी दिला त्यांनी सभेत शेजारी बसायला हवं. एकट्या ज्युनिअर बाईला पुढे करून स्वतः केबिनमध्ये बसायचं आणि वरून ‘शांत राहा’ सांगायचं, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. आणि प्रकरण धमकी, शिवीगाळ, हातघाईपर्यंत गेलं तर सभा थांबवायचा अधिकार कुणाचा, हे आधी लेखी ठरलेलं पाहिजे. सहन करणं तुमच्या नोकरीच्या अटीत नाही.

प्रश्न : मी नगरसेवक आहे. लोकांनीच सगळं ठरवायचं तर आम्ही निवडून कशाला आलो?

भाऊ, हा प्रश्न ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेच्या नगरसेवकांनाही पडला होता. १९८९ मध्ये तिथे लोकांनी बजेट ठरवायची पद्धत सुरू झाली, शहराचे १६ विभाग, प्रत्येक विभागात सभा, आधी सांडपाणी की रस्ता की शाळा हे लोक ठरवणार. गरीब वस्त्यांतले लोक मोठ्या संख्येने आले, कारण आलं की काहीतरी हाती लागतं हे त्यांनी पाहिलं. तरी बजेट शेवटी मंजूर सभागृहच करायचं, नगरसेवकाचं पद काही गेलं नाही. गेली ती एकच गोष्ट, ‘तुमच्या गल्लीतला रस्ता मी करून दिला’ हे सांगायची सोय. तुमची काळजी नेमकी कशाची आहे ते तुम्ही ठरवा. हां, आणि ही पद्धत तिथेही कायमची टिकली नाही, राजकीय पाठिंबा आणि पैसा ओसरत गेला आणि २०१७ मध्ये ती स्थगित झाली. म्हणजे तुमच्यासारख्यांची साथ नसेल तर अधिकाऱ्यांना कितीही ट्रेनिंग द्या, चालत नाही.

प्रश्न : ऑनलाईन सर्व्हे घेतला, चिकार प्रतिसाद आले. एवढं पुरे ना? सभा-बिभा कशाला?

पुरे नाही. बार्सिलोनाने २०१६ मध्ये ‘डेसिडिम’ नावाचा प्लॅटफॉर्म सुरू केला, त्यावर हजारो सूचना आल्या, पण त्यांनी प्रत्यक्ष सभाही घेतल्या आणि तिथल्या सूचनाही त्याच प्लॅटफॉर्मवर चढवल्या, म्हणजे मोबाईलवाल्याचं आणि सभेतल्याचं मत एकाच ठिकाणी, सगळ्यांना दिसेल असं. तुमच्या सर्व्हेचे निकाल कुठे दिसतात? फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर दिसत असतील तर ती माहिती गोळा करणं झालं. आणि प्रश्न कसे विचारलेत तेही एकदा बघा, ‘तुम्हाला सुंदर शहर हवं आहे का? हो / नाही’ असले सर्व्हे मी पाहिलेत.

प्रश्न : आम्ही ट्रेनिंगवर खर्च करतो, पण उपयोग झाला की नाही हे मोजायचं कसं? सध्या शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म भरून घेतो.

तो फॉर्म जेवण आणि एसी कसा होता ते सांगतो. त्याच्या भरवशावर राहू नका. सहा महिन्यांनी त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जा आणि हरकती-सूचनांचं रजिस्टर मागा. बहुतेक ठिकाणी तीन रकाने असतात, अनुक्रमांक, सूचना, आणि शेरा. शेऱ्यात काय लिहिलंय ते बघा. ‘नोंद घेतली’, ‘नोंद घेतली’, ‘धोरणात्मक बाब’, ‘नोंद घेतली’ असं पानभर असेल तर ट्रेनिंग वाया गेलं, कितीही चांगले फोटो आलेले असोत. तिथे ‘मान्य, पान अमुकवर बदल केला’ किंवा ‘अमान्य, कारण या जागेखालून पाण्याची मोठी लाईन जाते’ असं दिसायला लागलं की समजा काहीतरी मुरलं. नकार असला तरी चालेल, कारण हवं. लोकांना नकार पचतो हो, न उत्तर देणं पचत नाही.

मग पुढची पायरी, ते शेरे सूचना देणाऱ्यापर्यंत परत पोचतात का. रजिस्टरमधले दहा जण कुठलेही निवडा, फोन करा आणि विचारा, तुम्ही जे सुचवलं होतं त्याचं काय झालं तुम्हाला माहीत आहे का? दहापैकी किती जण हो म्हणतात तो तुमच्या ट्रेनिंगचा खरा आकडा. पहिल्या वेळी तो बहुधा शून्य किंवा एक येईल, घाबरू नका, पण तोच आकडा पुढच्या बॅचच्या पहिल्या स्लाईडवर टाका.

एक आणखी. काही शहरांनी ऐकायचं काम प्लॅन करणाऱ्यांकडून काढूनच घेतलंय. मॉन्ट्रियलमध्ये २००२ पासून लोकांशी सल्लामसलत करणारं वेगळं स्वतंत्र कार्यालय आहे, ते सुनावण्या घेतं, अहवाल लिहितं आणि तो जाहीर करतं. फायदा उघड आहे, ज्याने नकाशा काढला त्यालाच त्यावरचे आक्षेप तोलायला लावत नाही. पण मला एक धास्ती वाटते, वेगळं कार्यालय झालं की नगररचनावाले म्हणणार ऐकणं आमचं काम नाही, ते पलीकडच्या बिल्डिंगमध्ये. त्यामुळे असं कार्यालय काढलं तरी आराखडा करणाऱ्या इंजिनिअरला वर्षातून काही दिवस त्या सुनावण्यांना मागच्या बाकावर बसवा. बोलायचं नाही, मोबाईल बंद, फक्त ऐकायचं आणि परत आल्यावर आपल्या नकाशावर जिथे जिथे लोक बोलले तिथे पेन्सिलने खूण करायची. तुमच्या खर्चाच्या हिशोबात हे ट्रेनिंग जवळजवळ फुकट पडेल.

*(पुढच्या अंकासाठी विषय : वॉर्डातलं बजेट वाचायचं कसं. प्रश्न थोडक्यात लिहा, आणि कृपया कोर्टात चालू असलेल्या केसेसचे कागद पाठवू नका, त्यावर या सदरात उत्तर देता येत नाही.)*